चित्रातली नवरी

सेन्दाई, १४ मे १९८४

तोमे आत्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. परवा शनिवारी मी तुझ्या गावात येऊन गेले आणि तुझ्या दारात पाऊलही टाकलं नाही. ऑफिसची सहल होती. चाळीस माणसं, एक बस आणि सतत शिट्टी फुंकणाऱ्या आमच्या मोठ्या बाई. चोओन-जी देवळाला पाऊण तास मिळाला. तुझ्या घरी यायचं तर टेकडी उतरूनच वीस मिनिटं लागतात, आणि आल्यावर तू जेवल्याशिवाय सोडणार नाहीस. म्हणून आले नाही.

देऊळ आहे तसंच आहे. पाण्यावरच्या दालनातल्या फळ्या अजून करकरतात. तळ्यावर धुकं होतं, त्यामुळे पलीकडचा काठ दिसत नव्हता. टोकियोहून नवी बदलून आलेली कावाजोए नावाची मुलगी माझ्यासोबत होती. भिंतीवरची लग्नांची चित्रं बघून ती म्हणाली, किती गोड जोडपी आहेत. मग मीच तिला सांगितलं की ही लग्न न होताच गेलेल्या मुलांची लग्नं आहेत. पोराचं लग्नाचं वय झालं की आईबाप असं चित्र काढून देवळात लावतात, म्हणजे ते तिकडे एकटं राहत नाही. नवरीचा चेहरा आणि नाव मनाने रचायचं असतं. जिवंत माणसाचा चेहरा चुकूनही काढायचा नाही, नाहीतर मेलेला त्याला सोबत घेऊन जातो. बिचारीने तेव्हापासून भिंतीकडे पाठ केली.

निघताना मात्र तीच थबकली आणि म्हणाली, "सायोकोसान, ही तर तुम्ही."

आत्या, ते शिन्पेइदादाचं चित्र होतं. तू ते लावलंस हे बाबांनी सांगितलं होतं, पण मी पाहिलं नव्हतं. शेजारी पांढऱ्या पोशाखात बसलेली नवरी हुबेहूब माझ्यासारखी आहे. खाली नाव लिहिलंय हानाए. चेहऱ्याचं एक वेळ सोडून देऊ. पण तिने डाव्या हातात पेला धरलाय आणि मनगटावर तपकिरी त्रिकोणी डाग आहे. या जानेवारीत इस्त्रीचं टोक लागून माझ्या मनगटावर पडलेला डाग तसाच आहे. चित्र लावून तीन वर्षं झाली ना?

मी वेडी असेन तर तसं कळव. नोव्हेंबरात माझं लग्न आहे, त्याआधी कळलेलं बरं.

तुझी,
सायोको

*

ओतोनुमा, २२ मे

सायो,

शिव्या घातल्या. दोन दिवस पुरल्या.

गावात येऊन आत्याला तोंड न दाखवणारी मुलगी आमच्या घराण्यात आजवर झाली नव्हती. तुझ्या बापालाही कळवणार आहे. सोबत वाळवलेली रानभाजी पाठवते. रात्रभर भिजत घाल, नाहीतर मागच्या वेळेसारखी तू ती तशीच उकळशील आणि मग आत्याच्या नावाने बोटं मोडशील.

चित्राचं काय घेऊन बसलीस. ओनुकी चितारी सगळ्या नवऱ्या एकाच चेहऱ्याच्या काढायचा. गोल चेहरा, बारीक डोळे, नाकाच्या जागी एक रेघ. तुझ्यासारख्या दिसणाऱ्या दहा तरी त्या भिंतीवर निघतील. आता त्याला विचारायची सोय नाही, गेल्या वर्षी गेला तो. आणि डाग म्हणशील तर दालन पाण्यावर आहे, तिथे कागदाला ओल लागतेच. माझ्या घरात आरशालासुद्धा डाग पडतात.

नागाओका मुलगा बरा आहे असं ऐकते. औषधाच्या दुकानात काम करतो म्हणजे हात स्वच्छ असतील. लग्नाच्या तयारीला लाग. आणि एक, त्या देवळात पुन्हा जाऊ नकोस. फळ्या कुजल्यात. माणूस पाण्यात जायचं एखादं.

आत्या

*

सेन्दाई, १ जुलै

तोमे आत्या,

तुझं पत्र दहादा वाचलं. त्या फळ्यांवरून तू रोज सकाळी फुलं घेऊन जातेस. मग त्या फक्त माझ्यासाठीच कशा कुजल्या?

महिनाभर लिहिलं नाही, कारण मी आजारी होते. कसला आजार ते डॉक्टरला सांगता येत नाही. अंगात ताप नाही, नुसती थंडी. जून महिन्यात लोकरीचे मोजे घालून ऑफिसला जाते. वजन सहा किलो उतरलंय. आता आणखी काही गोष्टी सांगते. हसू नकोस.

मी आणि नागाओका रविवारी दुपारी स्टेशनसमोरच्या हॉटेलात नूडल्स खायला जातो. तिथली मुलगी दर वेळी पाण्याचे तीन पेले आणते. पहिल्यांदा वाटलं, चुकली असेल. नागाओका तिसराही पिऊन टाकतो आणि म्हणतो, फुकटचं आहे, सोडा कशाला. गेल्या रविवारी त्याला यायला उशीर झाला. मी एकटीच बसले होते. मुलीने दोन पेले ठेवले आणि तुमच्यासोबतच्यांना काय आणू म्हणून विचारलं. मी नागाओकाची वाट न पाहता उठून आले.

दोन वर्षांपूर्वी माझं एक लग्न मोडलं ते तुला माहीत आहे. का मोडलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या भेटीत त्या माणसाने विचारलं होतं की आपण भेटतो तेव्हा दर वेळी तुमच्या मागे उभा असतो तो मुलगा कोण. मला तेव्हा तो बहाणा वाटला.

मागच्या आठवड्यात लग्नाचा पोशाख घालून बघायला गेले. शिवणाऱ्या बाईने खाली बसून घोळ हातात घेतला आणि म्हणाली, अहो, हा गुडघ्यापर्यंत भिजलाय. बाहेर कडक ऊन होतं. तिने कापड पिळलं तर खरंच पाणी निघालं. त्याला शेवाळाचा वास होता.

आणि हे तर मी आजवर गंमत म्हणून सांगायचे. गेली तीन वर्षं ऑगस्टमध्ये, बोनच्या, पितरांच्या त्या चार दिवसांत, मला भूक लागत नाही. म्हणजे अन्नावरची वासना जाते असं नाही. पोट भरलेलं असतं. कुणीतरी आग्रह करकरून वाढावं तसं. आणि तोंडात अक्रोडाची चव राहते, वाटलेला अक्रोड आणि हिरव्या शेंगा. मी अक्रोड विकतही आणत नाही.

आत्या, मला खरं सांग. आमच्याकडे कुणी खरं बोललं नाही तरी तू बोलतेस, म्हणून तुलाच विचारते.

सायोको

*

ओतोनुमा, ६ जुलै

सायो,

पत्र वाचून झाल्यावर मी चुलीपाशी बसून राहिले. भात करपला तरी कळलं नाही.

अक्रोड मी वाटते. हिरव्या शेंगांना लावून. शिन्पेइला ते फार आवडायचं. बोनला पितर घरी येतात तेव्हा त्याच्यापुढे एक वाटी ठेवायचे, आणि लग्न झाल्यापासून दोन ठेवते. दुसरी नवरीची. तीन वर्षं त्या दुसऱ्या वाटीपुढे बसून मी म्हणते, लाजू नकोस गं, घे अजून थोडं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही. ऐक.

ओनुकीला शिन्पेइचा फोटो हवा होता. माझ्याकडे त्याचा हसरा फोटो एकच, देवळाच्या जत्रेतला. त्यात तू शेजारी उभी होतीस, सोळा वर्षांची, हातात भाजलेल्या कणसाची काडी धरून. मी फोटो तसाच दिला. तुझी बाजू कापून द्यावी एवढी अक्कल सुचली नाही. कात्री लावायला हात झाला नाही म्हण हवं तर. ओनुकीची नजर तेव्हाच अधू झाली होती. त्याला समोर दोन तरुण माणसं दिसली, त्याने दोघांना बसवून टाकलं. इथवर चूक त्याची.

पुढची माझी. चित्र हातात आलं आणि मी तुला तत्क्षणी ओळखलं. ते परत करायला हवं होतं. ओनुकी म्हणाला असता, चुकलं, दुसरं काढतो. पण सायो, माझा मुलगा त्या चित्रात हसत होता. सात वर्षं मला स्वप्नात तो दिसायचा तो बर्फाखालून वर बघणारा. मी म्हटलं, नाव तर हानाए लिहिलंय, अशी कुणी मुलगीच नाही, देवाला काय कळतंय. आणि भिंतीवर लावून आले.

तुझं पत्र आल्यावर मे महिन्यातच जाऊन बघितलं होतं. डाग आहे. मी लावलं तेव्हा नव्हता. आज पुन्हा गेले. नवरीच्या गालाची हाडं वर आलीयत.

तुझी कोणत्या तोंडाने माफी मागू. देवळातल्या भन्तेंना विचारून कळवते. तोवर गरम कपडे घाल आणि एकटी कुठे बसू नकोस. एकटी म्हणजे काय ते तुला कळतंय.

आत्या

*

सेन्दाई, १५ जुलै

तोमे आत्या,

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जोडून पुन्हा वाचलं.

मला आजवर कुणाचा इतका संताप आला नव्हता, आणि ज्याच्या गळ्यात पडून हे सांगावं असं माणूस म्हणजे तूच. मी काय करायचं?

एक गोष्ट मीही कधी बोलले नाही. मला शिन्पेइदादा आवडायचा. जत्रेतून परत येताना टेकडीपाशी तो म्हणाला, "पुढच्या वर्षी पण ये." एवढंच. फेब्रुवारीत तो मासे धरायला गेला आणि बर्फ फुटला. मी वर्षभर रडले. तू मला तेव्हा म्हणाली असतीस, की सायो, चित्रात बस, तर मी बसलेही असते. सोळाव्या वर्षी माणूस कशाला नाही म्हणत नाही.

पण आता मी सत्तावीस वर्षांची आहे आणि तो एकोणीसचाच आहे. मला नागाओका आवडतो. तो रोज तीच विजार घालतो आणि तिसरा पेला पिऊन टाकतो, तरी आवडतो. त्याच्या आईने काल बाबांना फोन करून विचारलं की मुलीला छातीचा काही रोग तर नाही. नागाओकाने तिच्या हातून फोन घेऊन ठेवला. आज दुपारी मी आरशात पाहिलं तर माझे ओठ निळे होते.

मला जगायचंय, आत्या. तुझ्या मुलाची मी माफी मागते. त्याच्यासाठी मी रडले, पण त्याच्यासोबत जायची माझी तयारी नाही. तू मला बसवलंस, तूच उठव.

सायोको

*

ओतोनुमा, १२ ऑगस्ट

सायो,

घाईत लिहिते. उद्या बोन. आज टपाल निघालं तर तुला वेळेत मिळेल.

भन्ते महिनाभर आजारी होते, परवा भेटले. मला वाटलं रागावतील. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, तोमेबाई, तुमच्याआधी दोघींनी हेच केलंय, तुम्ही निदान विचारायला आलात. त्या दोन मुलींचं काय झालं ते मी विचारलं नाही.

चित्र जाळायचं नाही, जाळलं तर दोघं एकत्र जातील. ज्याने बसवलं त्यानेच नवरी पुसायची. आणि पुसण्याआधी मुलाला तोंडाने सांगायचं, तो घरी आला असताना. म्हणजे या चार दिवसांत. नवरीची जागा मात्र रिकामी ठेवायची नाही. रिकामी दिसली की तो तिला शोधायला निघेल, आणि आता त्याला तुझं घर माहीत आहे. तिथे दुसरा चेहरा काढायचा, जगात नसलेला.

उद्या मी एकच वाटी ठेवणार आहे. तू जेवायला बस. भूक लागली नाही तरी बस.

आत्या

*

सेन्दाई, १९ ऑगस्ट

माझी लाडकी आत्या,

मला भूक लागली!

तेरा तारखेला दुपारी सव्वाबारा वाजता ऑफिसात माझ्या पोटातून असा आवाज आला की कावाजोए दचकली. मी माझा डबा खाल्ला, तिचा अर्धा खाल्ला आणि संध्याकाळी नागाओकासमोर भाताचे तीन वाडगे संपवले. तो म्हणाला, हे आधी कळलं असतं तर दुसरी नोकरी बघितली असती. चौदाला थंडी परत आली, फार वाईट आली, पंधराला मला उठवेना. सोळाला दुपारनंतर पायांतून काहीतरी ओसरत गेल्यासारखं झालं. मी मोजे काढले आणि माझे पाय घामेजलेले होते. पायांच्या घामाने कुणाला एवढा आनंद झाला नसेल.

आज रविवार. हॉटेलातल्या मुलीने दोन पेले ठेवले. नागाओका थोडा वेळ तिसऱ्याची वाट बघत होता.

तू नक्की काय केलंस? तो रागावला का? मला सगळं लिही. आणि तीन नोव्हेंबर लक्षात ठेव. बाबांना सांगितलंय, आत्या पहिल्या रांगेत बसणार. तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही, पण तो तू समोर बसलीस की जाईल असं वाटतं.

तुझी,
सायोको

*

ओतोनुमा, २६ ऑगस्ट

सायो,

तुझं पत्र उराशी धरून अंगणात बसले. तीन वाडगे म्हणजे जरा जास्तच. सासूसमोर दोनवर थांब.

सगळं लिही म्हणतेस, लिहिते. तेराला त्याच्यापुढे एकच वाटी ठेवली आणि म्हटलं, "शिन्पेइ, ही तुझी बायको नाही. ही आपली सायो आहे, ती जिवंत आहे. मी तुला खोटं दिलं. परत दे." एवढंच बोलायला मला सकाळ गेली. तो रागावला नाही. रागावला असता तर सोपं होतं. वाटीतल्या शेंगा संध्याकाळपर्यंत जशाच्या तशा राहिल्या, आणि लहानपणी काही मागून मिळालं नाही की तो जेवायचा नाही, तेच मला आठवत राहिलं.

चौदाला देवळात जाऊन चित्र उतरवलं आणि ओल्या फडक्याने तुला पुसलं. पंधराला नवा चेहरा काढायला बसले. तुझी थंडी परत आली ती तेव्हाच, जागा रिकामी होती तोवर.

मी आयुष्यात शेतातल्या बुजगावण्याचं तोंड सोडून काही काढलेलं नाही. जगात नसलेला चेहरा काढा म्हणणं सोपं आहे. कागदांवर काढून बघितले. पहिला झाला तो टपालवाल्याच्या सुनेसारखा. दुसरा शाळेतल्या बाईंसारखा. तिसऱ्यात नाक वाकडं केलं, तर ती माझी शेजारीण निघाली. माणसाच्या हातातून त्याने पाहिलेलेच चेहरे उतरतात गं. कुणाची तरी सायो तिथे बसवल्याशिवाय मला काही जमेना. सगळे कागद चुलीत घातले.

मग आरसा पुढे घेतला. ज्याच्यावर माझा हक्क आहे असा एकच चेहरा होता. सोळाला दुपारी मी त्याच्या शेजारी मला काढलं. नवरी म्हणून नव्हे, वेडी झाले नाही अजून. काळा किमोनो घातलेली नवऱ्या मुलाची आई, सुरकुत्या आहेत तेवढ्या सगळ्या. खाली माझं खरं नाव लिहिलं. भन्तेंनी ते वाचलं आणि मला चहा दिला.

हे वाचून तू पळत येशील, म्हणून आधीच सांगते. पुसायचं नाही. मला पुसलंस की जागा पुन्हा रिकामी, आणि मग तो कुणाकडे जाईल ते तुला माहीत आहे. माझं वय एकोणसाठ आहे. ज्याच्यासाठी चूल पेटवायची असं घरात दहा वर्षं कुणी नाही. मी काही फार मोठं दिलं असं समजू नकोस, आणि तुझ्या लग्नात रडूही नकोस. पहिल्या रांगेतली जागा माझ्यासाठी धरू नकोस, तिथे नागाओकाच्या आईच्या बहिणीला बसव, तिची मर्जी राहील.

हल्ली थंडी वाजते. ऑगस्टात रजई काढली. घाबरत मात्र नाही, हे तुला खरंच सांगते.

काल दुपारी घाटापलीकडची भाजीवाली आली होती. नवीनच आहे, गावात कुणाला ओळखत नाही. मुळे तोलता तोलता माझ्या खांद्यामागे बघून तिने विचारलं, हा कोण. मी मागे वळून पाहिलं नाही. म्हटलं, माझा मुलगा आहे. दहा वर्षांत हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. तिने दोन मुळे जास्तीचे घातले आणि म्हणाली, पोरगं फार वाळलंय, त्याला जरा खाऊ घालत जा.

आत्या